वर्गातल्या प्रत्येकाचं उत्तर

एक सपाट पितळी पत्रा घ्या. त्याच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं गोल भोक पाडा आणि तो पत्रा सगळीकडून सारखा तापवा. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, हे शाळेतच शिकून झालेलं आहे. मग त्या भोकाचं काय होईल? अ) मोठं होईल. ब) लहान होईल. क) आहे तेवढंच राहील.

पुढे वाचण्याआधी एक अक्षर ठरवा आणि समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. लिहिलेल्या उत्तराला आपण बांधील होतो. मनातलं उत्तर मात्र खरं काय ते कळताक्षणी बदलतं आणि ‘मला तेच वाटलं होतं’ अशी आपण स्वतःचीच समजूत घालतो.

शंभर-दीडशे मुलांच्या वर्गात हे रोज घडत असतं. प्राध्यापक फळ्यावरची सिद्धता पूर्ण करतात आणि वळून विचारतात, ‘समजलं ना?’ पुढच्या दोन बाकांवरच्या चार-पाच माना हलतात आणि तास पुढे सरकतो. बाकीच्यांना काय समजलं हे प्राध्यापकांना कळत नाही, आणि पुष्कळदा त्या मुलांनाही कळत नाही. कळतं ते थेट परीक्षेत. प्रत्येक विद्यार्थ्याचं उत्तर त्याच तासात, शिकवणं चालू असतानाच, शिक्षकापर्यंत पोचावं यासाठी क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं हातातलं छोटं यंत्र), रंगीत कार्डं, मोबाइलवरचे पोल अशी बरीच साधनं निघाली आहेत. त्यांचा उपयोग कधी होतो आणि कधी होत नाही, यावर जितकं बारकाईचं संशोधन झालं आहे, तितकं शिक्षणाच्या क्षेत्रात क्वचितच कशावर झालं असेल. म्हणून हा विषय प्रत्येक शिक्षकाने जवळून पाहावा असं मला वाटतं.

पत्र्याचा प्रश्न हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांच्या वर्गातला आहे. १९८४ पासून ते तिथे शिकवत होते. विद्यार्थी त्यांच्या शिकवण्यावर खूश होते, परीक्षेतली अवघड गणितंही सोडवत होते. १९९० मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांचं संशोधन त्यांच्या वाचनात आलं. न्यूटनचे नियम कित्येक आठवडे शिकूनही विद्यार्थ्यांच्या डोक्यातल्या बलाविषयीच्या जुन्या, चुकीच्या कल्पना जवळपास तशाच राहतात, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे खरं नसेल, असं मझूर यांना वाटलं. त्यांनी त्या संशोधनातलीच चाचणी वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, की ही उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की आम्हाला खरोखर वाटतं तशी?

पुस्तकातलं विज्ञान आणि मनातलं विज्ञान ही त्या मुलाच्या डोक्यात दोन वेगळी खाती होती. अवजड ट्रक छोट्या मोटारीवर आदळला, तर ट्रकने मोटारीवर लावलेलं बल जास्त की मोटारीने ट्रकवर लावलेलं? ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात’ हे वाक्य ज्याला झोपेतही म्हणता येतं, तोसुद्धा इथे बिनधास्त ‘ट्रकचं बल जास्त’ म्हणतो. दोन्ही बलं सारखीच असतात. मोटारीचं वस्तुमान कमी, म्हणून तिचं नुकसान जास्त. मझूर यांच्या चाचणीचा निकाल निराशाजनक लागला. अवघड उदाहरणं सोडवणारी हीच मुलं साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांवर अडखळत होती.

मग त्यांनी वर्गात एका प्रश्नाचं उत्तर समजावून द्यायचा प्रयत्न केला. चेहरे कोरेच राहिले. दुसऱ्या पद्धतीने सांगून पाहिलं, तरी तेच. शेवटी त्यांनी मुलांना सांगितलं, की शेजाऱ्याशी बोला आणि एकमेकांना पटवून द्या. सभागृह गजबजून गेलं आणि थोड्याच मिनिटांत बहुतेकांना मुद्दा उमगला. यातून ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ म्हणजे सहाध्यायींनी एकमेकांना शिकवण्याची पद्धत उभी राहिली. १९९१ पासून मझूर तिचा नियमित वापर करू लागले आणि १९९७ मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं.

पद्धत सांगायला सोपी आहे. सात-दहा मिनिटं एक संकल्पना शिकवायची. मग तिच्यावर एक बहुपर्यायी प्रश्न पडद्यावर दाखवायचा. पहिलं मिनिट-दीड मिनिट कुणी कुणाशी बोलायचं नाही. प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचं. उत्तरं किती आणि कशी विभागली गेली ते शिक्षक पाहतात, पण बरोबर कोणतं ते सांगत नाहीत. मग दोन-तीन मिनिटं शेजारपाजारच्यांशी चर्चा. शक्यतो वेगळं उत्तर असलेल्याला गाठायचं आणि आपलं का बरोबर ते त्याला पटवायचं. त्यानंतर पुन्हा मतदान आणि मग शिक्षकांचं स्पष्टीकरण.

पहिल्या मतदानाचा आकडा शिक्षकाला पुढची वाट दाखवतो. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेला सर्वाधिक अर्थ असतो, कारण समजलेले आणि न समजलेले दोन्ही वर्गभर पसरलेले असतात. सत्तरच्या वर गेलं तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावं. तिसाच्या खाली असेल तर मुलांना बोलायला लावून फारसं हाती लागणार नाही. संकल्पना पुन्हा, वेगळ्या बाजूने शिकवावी लागेल.

आता भोकाकडे वळू. बरेच जण म्हणतात, भोक लहान होईल. धातू सगळ्या बाजूंनी पसरतो, म्हणून तो भोकातही सरकेल असा त्यामागचा विचार. तो चुकीचा असला तरी वेडगळ नाही. खरं उत्तर आहे, भोक मोठं होतं. भोकाच्या काठाचा लहान तुकडा डोळ्यांसमोर आणा. तापल्यावर तो लांबतो. काठावरचा प्रत्येक तुकडा लांबला, तर परीघ वाढणारच आणि परीघ वाढला की व्यासही वाढणार. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे तर्कावाचूनही ठाऊक असतं. थंड धाव चाकापेक्षा किंचित लहान असते. ती गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवली की मोठी होऊन चाकावर बसते आणि वरून पाणी ओतलं की आवळून घट्ट होते. पत्र्यावर चर्चा चालू असताना वर्गातल्या कुणाला ही धाव आठवली, तर शिक्षकाच्या दहा मिनिटांच्या व्याख्यानाचं काम ती एकटी करून जाईल.

शेजाऱ्याचं सांगणं शिक्षकाच्या सांगण्यापेक्षा चटकन पोचतं, त्याचं कारण मझूर असं देतात, की ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे, त्याला ती कळण्यात अडचण कुठे होती हे अजून आठवत असतं. वीस वर्षं तेच शिकवणाऱ्याला ती अडचण दिसेनाशी होते. पण एक शंका रास्त आहे. दुसऱ्या मतदानात बरोबर उत्तरं वाढतात ती समजल्यामुळे, की हुशार शेजाऱ्याचं ऐकून मुलं उत्तर बदलतात म्हणून? कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या आनुवंशशास्त्राच्या मोठ्या वर्गात याची तपासणी झाली आणि २००९ मध्ये ती ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा, पण वरवर वेगळा दिसणारा दुसरा प्रश्न विचारला गेला. तो प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा होता. पहिल्या प्रश्नाला सुरुवातीला सरासरी ५२ टक्के उत्तरं बरोबर होती, चर्चेनंतर ६८ टक्के झाली आणि नव्या प्रश्नाला ७३ टक्के. नुसती नक्कल असती तर नव्या प्रश्नावर आकडा खाली यायला हवा होता. याहून मोलाचा निष्कर्ष असा, की ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच उत्तर येत नव्हतं, त्यांतलीही काही मुलं चर्चेतून बरोबर उत्तरापर्यंत पोचत होती. बोलता बोलता मुलं विचार करत होती.

यंत्रांची गोष्ट याहून जुनी आहे. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांनी १९६० च्या दशकातच खुर्च्यांना बटणं जोडून उत्तरं घेण्याची व्यवस्था केली होती. ती महाग होती आणि सारखी बिघडायची. १९९० च्या दशकात ‘क्लासटॉक’ ही व्यवस्था आली, मग टीव्हीच्या रिमोटसारखे इन्फ्रारेड क्लिकर आले. ते भिंतीवरच्या ग्राहकयंत्राकडे नीट रोखून धरावे लागत. पुढे इलिनॉय विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी रेडिओलहरींवर चालणारा ‘आयक्लिकर’ तयार केला आणि शेकडो विद्यार्थ्यांची उत्तरं काही सेकंदांत गोळा होऊ लागली. आता कहूट, मेंटिमीटर यांसारख्या सेवांमुळे खिशातला मोबाइलच क्लिकर झाला आहे.

या इतिहासातला एक धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. २००२ मध्ये युजीन जडसन आणि डायो सवाडा यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. साठ-सत्तरच्या दशकांत यंत्रं होती, मुलांना ती आवडतही होती, पण शिकण्यात म्हणावा असा फरक पडलेला नव्हता. नव्वदच्या दशकात फरक दिसला. मधल्या काळात यंत्रं सुधारली हे खरं, पण वर्गातला मुख्य बदल असा होता, की बटण दाबल्यानंतर मुलं एकमेकांशी बोलू लागली होती. कॅनडात माँट्रियलच्या एका कॉलेजात नॅथॅनिएल लास्री यांनी २००८ मध्ये सरळ तुलना केली. एका वर्गात क्लिकर, दुसऱ्यात कागदी कार्डं, शिकवण्याची पद्धत तीच. दोन्ही वर्ग सारखंच शिकले.

मग यंत्राचं काम काय? ते खाजगीपण देतं. हात वर करायला सांगितलं की मुलं आधी हुशार मुलाचा हात कुठे आहे ते बघतात. क्लिकरवर किंवा मोबाइलवर उत्तर कुणाला दिसत नाही, म्हणून चुकायची भीती उरत नाही आणि उत्तर आपलं स्वतःचं राहतं. यंत्र मोजदादही करून देतं. दोनशे कार्डांकडे नजर टाकून शिक्षकाला अंदाज येतो, यंत्र नेमका आकडा सांगतं. शिवाय प्रत्येक तासाची नोंद मागे राहते आणि पुढच्या वर्षी कोणता प्रश्न फसला ते पाहता येतं. या सोयी मोलाच्या आहेत, पण शिकणं त्या शेजारच्याशी होणाऱ्या दोन मिनिटांच्या वादात घडतं.

या सोयींनी नुकसानही होऊ शकतं. सगळ्या यंत्रांना उत्तरांचा स्तंभालेख लगेच पडद्यावर झळकवण्याची हौस असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की चर्चेआधी तो आलेख दाखवला तर मुलं बहुमताच्या उत्तराकडे वळण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढते, मग ते उत्तर बरोबर असो वा नसो. उंच स्तंभ दिसला की वाद संपतो. म्हणून पहिला आलेख शिक्षकाने स्वतःपुरता पाहावा. दुसरा खड्डा गुणांचा. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या मार्क जेम्स यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. जिथे बरोबर उत्तरालाच घसघशीत गुण होते, तिथे जोडीतला हुशार विद्यार्थीच बोलत राही आणि दुसरा त्याचं उत्तर उचली. जिथे चुकीच्या उत्तरालाही बरोबरीचे गुण होते, तिथे दोघंही मोकळेपणाने बोलत. आपल्याकडे अशी साधनं आली की पहिला विचार हजेरीचा आणि अंतर्गत गुणांचा होतो. माझ्या मते क्लिकरची उपयुक्तता संपवण्याचा तो सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

एवढा खटाटोप सार्थकी लागतो का? यासाठी एक चांगलं माप वापरलं जातं. पूर्वचाचणीत जेवढं शिकायचं बाकी होतं, त्यातलं किती पदरात पडलं, ते पाहायचं. हार्वर्डमध्ये १९९० साली, जुन्या व्याख्यानपद्धतीत, हे प्रमाण ०.२५ होतं, म्हणजे पाव भाग. १९९१ मध्ये ते ०.४९ झालं आणि प्रश्न व तंत्र सुधारत १९९७ पर्यंत ०.७४ वर गेलं. एका नामांकित विद्यापीठाचा अपवाद म्हणून हे सोडून देता येत नाही. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांची आकडेवारी मांडली. त्यात पारंपरिक वर्गांची सरासरी ०.२३ होती आणि विद्यार्थ्यांना सक्रिय करणाऱ्या वर्गांची ०.४८. पुढे २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातल्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते, सक्रिय वर्गांत २१.८ टक्के.

सगळ्यांत बोलका प्रयोग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला. २००१ चे नोबेल मानकरी कार्ल वाईमन यांच्या गटाने तिथे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या घेतल्या. प्रत्येकीत सुमारे २७० विद्यार्थी. एकीला अनुभवी, विद्यार्थिप्रिय प्राध्यापकांनी नेहमीसारखं शिकवलं. दुसरीला शिकवण्याचा फारसा अनुभव नसलेल्या तरुण संशोधकांनी क्लिकर, चर्चा आणि छोटी कामं यांतून शिकवलं. विषय तोच, काळ एक आठवडा. शेवटच्या चाचणीत पहिल्या तुकडीला सरासरी ४१ टक्के आणि दुसरीला ७४ टक्के गुण मिळाले.

इतकं असूनही मुलं या पद्धतीवर कुरकुरतात, आणि शिक्षकांनी त्यासाठी मनाची तयारी ठेवावी. हार्वर्डमधल्याच २०१९ च्या एका अभ्यासात सक्रिय वर्गातली मुलं प्रत्यक्षात जास्त शिकली होती, पण त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की छान व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा आपण कमी शिकलो. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्याचा भास होतो आणि डोकं चालवावं लागलं की आपली अडखळ जाणवते. म्हणून पहिल्याच तासाला हे सगळं विद्यार्थ्यांसमोर मोकळेपणाने मांडलेलं बरं.

आपल्याकडेही याचा प्रयोग झालेला आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाला साडेचारशेच्या आसपास विद्यार्थी असतात. तिथे एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्या वर्गासमोर मांडणी या क्रमाने कामं दिली गेली. निरीक्षकांनी वर्गात बसून मुलं प्रत्यक्ष काय करतात याची नोंद ठेवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. इतक्या मोठ्या वर्गात यासाठी यंत्र नव्हतं, कागद-पेन आणि शेजारी एवढंच होतं.

महाराष्ट्रातल्या वर्गांना या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं अकरावी विज्ञानाला किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला एकदम इंग्रजीत जातात आणि गप्प होतात. कळत असतं, पण इंग्रजीत विचारायचं कसं म्हणून हात वर होत नाही. अक्षर निवडायला वाक्य लागत नाही. आणि शेजाऱ्याशी बोलायची वेळ आली की ती मुलं आपल्या भाषेत बोलतात. ‘अरे, तो काठ बघ ना, काठच लांबला तर भोक लहान होईल कसं?’ असं एका मुलाने दुसऱ्याला मराठीत सांगितलं, तर ती संकल्पना दोघांचीही झाली. शिक्षकांनी हे मराठी बोलणं मुळीच थांबवू नये.

साधनांची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. शाळेच्या वर्गात मोबाइल नसतात, तिथे ‘प्लिकर्स’ची कागदी कार्डं चालतात. कार्डावरची काळी-पांढरी आकृती ज्या बाजूने वर धरली जाते ते त्या मुलाचं उत्तर, आणि शिक्षकाचा एकच फोन कॅमेऱ्याने साऱ्या वर्गाची कार्डं वाचतो. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याला उत्तर चटकन ओळखता येत नाही. नेट नाही, वीज नाही, तिथे चार रंगांचे घोटीव कागदाचे तुकडे पुरतात. फक्त ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम छातीशी धरायचे, म्हणजे कुणाचं पाहून कुणी बदलणार नाही.

खरी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे. ‘प्रकाशसंश्लेषण कशात होतं?’ असा पाठांतराचा प्रश्न विचारला, तर चर्चा करण्यासारखं काही उरतच नाही. त्याऐवजी विचारा, की मोठ्या वडाच्या खोडातलं लाकूड मुख्यतः कशापासून बनलं आहे: माती, खत, हवा की सूर्यप्रकाश? पुष्कळ मुलं माती म्हणतील, काही खत म्हणतील, सूर्यप्रकाश म्हणणारेही निघतील. लाकडातला कार्बन मुळात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो, हे पाठ्यपुस्तकात असूनही मनाला पटलेलं नसतं, आणि म्हणूनच वाद रंगतो. चांगल्या प्रश्नातला प्रत्येक चुकीचा पर्याय कुणाला तरी खरा वाटला पाहिजे. असे पर्याय टेबलाशी बसून सुचत नाहीत. ते मुलांच्या उत्तरपत्रिकांतून आणि तासानंतर विचारलेल्या शंकांतून वेचावे लागतात. वीस वर्षं पेपर तपासलेल्या शिक्षकाकडे हा साठा कुठल्याही ॲपपेक्षा मोठा असतो.

‘अभ्यासक्रम कसा संपणार?’ हा आक्षेप प्रत्येक स्टाफरूममध्ये येतो, आणि तो खोटा नाही. एका प्रश्नाला सहा-सात मिनिटं जातात. मझूर यांनीही पुस्तकात छापलेला भाग वर्गात पुन्हा सांगणं कमी केलं आणि मुलांना तो आधी वाचून यायला लावलं. आपल्याकडे तेवढी मोकळीक सगळ्यांना मिळणार नाही. म्हणून तास पूर्ण बदलण्याच्या भानगडीत पडू नका. ज्या प्रकरणात दर वर्षी निम्मा वर्ग चुकतो, ते प्रकरण निवडा. त्याच्या एका तासात एकच प्रश्न घाला. पहिलं मतदान झाल्यावर आलेख दाखवू नका, उत्तर सांगू नका, मुलांना बोलू द्या आणि तुम्ही बाकांमधून फिरत ती काय बोलतात ते ऐका. पुढच्या तासाला काय शिकवायचं ते तिथेच कळेल.